हातांवाचून जोर

आजचा विषय प्रथमदर्शनी आपणांस काहीसा चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. ज्याला एक हात नाही, किंवा दोन्ही नाहीत, अथवा ज्याचा हात जन्मतःच खुंटलेला आहे, त्याने जमिनीवरचा व्यायाम कसा करावा, आणि आपल्या समाजाने या गोष्टीचा विचार केव्हा व कितपत केला, हा तो विषय होय. मी वैद्य नाही की व्यायामविशारदही नाही. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उतरून ३८ वर्षे मुलांना शिकविलेला मी एक निवृत्त शाळामास्तर आहे. हा विषय मला कोणत्या ग्रंथाने दिला नाही. तो एका मुलाने दिला.

हिंदमाता हे नाव मुंबईकरांस दोन कारणांनी ठाऊक असते. एक तेथील कापडाची दुकाने, आणि दुसरे पावसाळ्यात तेथे साचणारे पाणी. एका सिनेमागृहाच्या नावावरून हा सारा भाग ओळखला जाऊ लागला. येथून परळची मोठी रुग्णालये चालत जाण्याच्या अंतरावर, आणि मी नोकरीस लागलो तेव्हा गिरण्यांचे भोंगेही शाळेत ऐकू येत. या वस्तीतल्या एका शाळेत १९८५ साली मी चौथीचा वर्ग घेत होतो. वर्गात एक मुलगा होता. त्याचा डावा हात जन्मापासून कोपराच्या किंचित खाली संपलेला. लिहिण्यात हुशार, गणितात तल्लख. कवायतीच्या तासाला मुले अंगणात ओळीने उभी राहिली आणि जोर व नमस्कार सुरू झाले, की तो माझ्याकडे पाही. पहिल्याच दिवशी त्याने विचारले, "गुरुजी, मी काय करू?" मी म्हणालो, "बाळ, तू बाजूला उभा राहून मोज." त्याने वर्षभर मोजले. एक, दोन, तीन, चार, असा त्याचा खणखणीत आवाज अंगणात घुमे, मुले त्या आवाजावर खालीवर होत, आणि मी मनात म्हणे, आपण या पोरावर केवढी दया केली!

श्रोतेहो, ती दया नव्हती. शिक्षक म्हणून मीच हात टेकले होते. परंतु मी तसे का केले, हे शोधू गेल्यास एकट्या माझ्यापाशी थांबता येत नाही. थोडे इतिहासात शिरावे लागते.

आपल्या महाराष्ट्राची व्यायामपरंपरा मोठी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या ऊर्जितावस्थेस आणली. बडोद्यास प्रोफेसर माणिकरावांनी देशी व्यायामास शिस्तबद्ध सांघिक रूप दिले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार राजवाड्यातून शाळाशाळांत नेला, आणि १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध होऊन तो सातासमुद्रांपलीकडे गेला. आमच्या दादरास शिवाजी पार्कवर १९२५ पासून समर्थ व्यायाम मंदिर उभे आहे. या परंपरेने किती तरी पिढ्यांची छाती रुंद केली, हे मी कृतज्ञतेने सांगतो.

तथापि या साऱ्या इमारतीचा पाया कशावर आहे, हे पाहा. मल्लखांबाला हाताची पकड हवी. जोर तर दोन तळव्यांवरच उभा. दहा अंकी सूर्यनमस्कारात दुसऱ्या अंकाला तळवे जमिनीवर टेकतात, ते नवव्या अंकापर्यंत उचलावयाचे नाहीत, अशी शिस्त. म्हणजे दहांपैकी आठ अंकांत शरीराचा भार तळव्यांवर येतो, किंवा निदान तळवे जमिनीला चिकटलेले असतात. साष्टांग नमस्काराची आठ अंगेही मोजा: कपाळ, छाती, दोन तळवे, दोन गुडघे आणि दोन पाऊले. ज्याचे हात गेले, त्याच्यापाशी सहा अंगे शिल्लक राहतात. सहा अंगांनी केलेला नमस्कार देवाला पोहोचतो, याविषयी कोणाही श्रद्धावंतास शंका येणार नाही. पण कवायतीच्या मास्तरास तो चालत नसे. आठ नाहीत, मग एकही नको, असा आमचा हिशेब. तालमीच्या मातीत वाढलेला माणूस हाताने अधू झाला, की तो कट्ट्यावर बसून इतरांचे डाव पाही. कोणी त्याला हाकलीत नसे. पण ये, असेही कोणी म्हणत नसे.

आता तालमीतून गिरणीत चला, कारण परळ-लालबागचा माणूस सकाळ-संध्याकाळ याच दोन ठिकाणी जाई. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापिली. पुढे गिरणगाव वाढले. ज्यांचे पोट हातावर, अशा लक्षावधी माणसांचे ते गाव. आणि यंत्राला पहिल्याने सापडे तो हातच. फिरते पट्टे, दात्यांची चाके, पिंजणीची यंत्रे यांपाशी काम करणाऱ्याची बोटे, पंजा, कधी सबंध हात जाई. १९२३ साली सरकारने कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा केला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्याच्या परिशिष्टात शरीराच्या अवयवांचा एक तक्ता होता. उजवा हात कोपराशी वा त्याच्या वर तुटला, तर कमाईची शक्ती ७० टक्के गेली असे समजावे; डावा तसाच तुटला, तर ६० टक्के. अंगठा गेला तर २५, तर्जनी गेली तर १०, इतर कोणतेही बोट गेले तर ५. पुढे हा तक्ता बदलला, उजव्या-डाव्याचा भेद गेला, आणि दोन्ही हात गेल्यास १०० टक्के हानी धरण्यात आली.

हा कायदा कामगारांच्या हिताचा होता, यात संशय नाही. त्यापूर्वी हात गेलेल्या माणसास मालकाच्या मर्जीवाचून आधार नसे. परंतु या तक्त्याचा एक परिणाम असा झाला, की गेलेल्या हाताचा हिशेब मांडला गेला आणि राहिलेल्या शरीराचा हिशेब कोणीच मांडला नाही. पैसे मिळाले, माणूस खोलीवर परतला, गॅलरीत बसला. त्याची छाती, त्याचा कणा, त्याचा दुसरा खांदा, यांचे पुढे काय होणार, हे कोणत्याच परिशिष्टात नव्हते.

वास्तविक ते होते असे की, पूर्ण हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असते. ६० किलो वजनाच्या माणसाचा एक हात म्हणजे सुमारे ३ किलो. तराजूच्या एका पारड्यातून एवढे वजन काढले, तर दांडी कलते. तद्वत कणाही एका बाजूस कलू लागतो. उरलेला हात दोघांचे काम करतो, म्हणून त्याचा खांदा व मान लवकर झिजतात. हात हे चालताना व पडताना तोल सावरण्याचेही साधन असल्यामुळे पडण्याचे भय वाढते, आणि भयामुळे माणूस हालचालच कमी करतो. म्हणजे ज्याला व्यायामाची गरज इतरांहून अधिक, त्यालाच आपण व्यायामातून वगळीत आलो.

ही चूक जगाच्या ध्यानात कशी आली, हे पाहू. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची संस्था काढली. त्यांच्या पद्धतीत व्यायाम पाच मूळ स्थितींतून होत: उभे राहणे, गुडघ्यांवर बसणे, बसणे, निजणे आणि लोंबकळणे. या पाचांपैकी हातांवाचून अडते ते फक्त शेवटच्याचे. आपल्याकडे १९२४ साली लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून क्ष-किरण व दाबमापक यंत्रांच्या साहाय्याने योगक्रियांचा अभ्यास आरंभिला. अमुक आसन करावे कारण ते पूर्वापार आहे, एवढ्यावर न थांबता, त्याने शरीरात नेमके काय घडते, असे त्यांनी विचारले. हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण आपल्या विषयाची किल्ली त्यातच आहे. जोर काढल्याने छाती, खांदे व पोट यांना काम मिळते, हे एकदा कळले, म्हणजे पुढचा प्रश्न आपोआप येतो: तेच काम तळव्यांवाचून दुसऱ्या कोणत्या रीतीने देता येईल?

तो प्रश्न युद्धाने आणि रोगाने तातडीचा केला. दुसऱ्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघाले. १९४८ साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉक्टर लुडविग गुटमन यांनी जायबंदी सैनिकांचे क्रीडासामने भरविले. भाग घेणारे १६ जण होते, आणि त्यातूनच पुढे पॅरालिंपिक स्पर्धा जन्मास आल्या. त्याच वर्षी लंडनच्या ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या कारोली ताकाच यांनी पिस्तुलाच्या नेमबाजीत सुवर्णपदक मिळविले. १९३८ साली हातबाँबच्या स्फोटात त्यांचा उजवा पंजा निकामी झाला होता. त्यांनी डाव्या हाताने नेम धरण्यास नव्याने शिकून हे यश मिळविले, आणि १९५२ साली पुन्हा मिळविले.

मुंबईत या कामाला मोठी चालना दिली ती पोलिओने. फातिमा इस्माईल यांच्या मुलीस पोलिओ झाला. आपल्या मुलीच्या उपचारांसाठी वणवण करताना त्यांना दिसले, की अशा इतर मुलांसाठी शहरात काहीच सोय नाही. तेव्हा १९४७ साली त्यांनी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था स्थापिली. परळच्या केईएम रुग्णालयात १९५३ साली फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली, आणि १९५५ साली हाजीअलीस शारीरिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. व्यायाम हा तालमीच्या मातीतून रुग्णालयाच्या सतरंजीवर आला तो असा. आखाड्यातला वस्ताद विचारी, "तुला हा व्यायाम येतो का?" सतरंजीपाशी बसलेली फिजिओथेरपीची बाई विचारू लागली, "तुझ्या शरीराला कोणता व्यायाम येईल?" माझ्या मते आपल्या व्यायामाच्या इतिहासातील हे एक मोठे स्थित्यंतर होय.

कोणी म्हणेल, कृत्रिम हात बसविला की प्रश्न मिटला. तसे नाही. १९६८ साली जयपूरचा पाय निघाला आणि असंख्य माणसे पुन्हा चालू लागली. पायाचे मुख्य काम शरीराचा भार पेलून पुढे टाकणे हे असते. हात मात्र धरतो, सोडतो, पिळतो, चाचपतो, कुरवाळतो; इतकी कामे एका यंत्रात आणणे अवघड. म्हणून किती तरी जण बसविलेला हात काढून खुंटीला लावतात. शिवाय दिखाऊ पंजा किंवा साधा आकडा शरीराचा भार पेलण्यासाठी केलेलाच नसतो. त्यावर जोर काढू गेल्यास घसरून पडण्याची भीती. परळच्याच एका रुग्णालयात २०२० साली मुंबईतील पहिले दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले. पण तेथेही शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ व्यायाम चुकत नाही, कारण मज्जातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. हात नसो, कृत्रिम असो, की दुसऱ्याचा लाभलेला असो, व्यायामाला पर्याय नाही.

आता प्रत्यक्ष व्यायामाकडे वळू. तज्ज्ञांकडून मला जे समजले, ते मास्तरी पद्धतीने तीन सूत्रांत सांगतो.

पहिले सूत्र, जमीन वर आणावी. हात आखूड असेल, तर त्याच्याखाली पाट, घट्ट उशी किंवा लाकडी ठोकळा ठेवून दोन्ही खांदे एका पातळीत आणावेत. घरातला जेवणाचा पाटही या कामी येतो. मात्र तो घसरू नये म्हणून खाली ओलसर फडके किंवा रबरी चटई घालावी. आरंभी भिंतीलाच जमीन समजून, तिच्याशी तिरपे उभे राहून जोर काढला तरी चालते.

दुसरे सूत्र, भार सरकवावा. तळवा नाही तर कोपर आहे. कोपर नाही तर छातीखाली लोड ठेवता येतो. कोपरे व गुडघे टेकून, पाठ सरळ धरून दहा अंक मोजेपर्यंत स्थिर राहिले, तरी पोट व खांदे यांना जोराच्या जातीचे काम मिळते. ताणण्याचा रबरी पट्टा दंडाला बांधून ओढला, तर छातीचे स्नायूही कामाला लागतात.

तिसरे सूत्र, पाठीचा व पोटाचा उपयोग करावा. पाठीवर निजून, गुडघे वाकवून कंबर उचलणे. पालथे निजून छाती किंवा पाय उचलणे. कुशीवर निजून वरचा पाय उचलणे. बसून दोन्ही खांद्यांची पाती मागे जुळविणे. यांतील एकालाही हात लागत नाही. आपल्या बैठका, शलभासन, नौकासन हीदेखील अशीच. म्हणजे सामग्री आपल्या परंपरेत पूर्वीपासून होती. आम्ही तिच्याकडे त्या दृष्टीने पाहिले नाही, एवढेच.

याखेरीज जमिनीवरून उठण्याचा अभ्यास हाही व्यायामच समजावा. पाठीवर निजलेल्या माणसाने पोटाच्या बळावर उठून बसावे, पाय एका बाजूस घ्यावेत, गुडघ्यांवर यावे, एक पाऊल पुढे रोवावे आणि मग उभे राहावे. हे ज्याला साधले, त्याचे पडण्याचे भय निम्मे संपते. पथ्येही थोडकीच आहेत. उरलेल्या हाताच्या टोकाची कातडी लाल झाली किंवा तेथे झिणझिण्या येणारी दुखरी जागा असली, तर तिच्यावर भार देऊ नये. घाम येण्यास त्वचा कमी उरल्यामुळे अंग लवकर तापते, म्हणून मुंबईच्या उकाड्यात मध्ये मध्ये थांबावे. दोन्ही बाजूंस सारखे काम द्यावे. मजबूत बाजूचेच कौतुक करू नये. आणि आरंभ फिजिओथेरपीच्या जाणकाराच्या देखरेखीखाली करावा.

या मार्गाने माणूस कोठवर जातो, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. सोलापूरकडील सुयश जाधव यांचे दोन्ही हात लहानपणी विजेच्या धक्क्याने गेले. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लाय पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांचा डावा हात अधू आहे. २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणले. आणि २०२४ सालीच पद्मश्री मिळालेल्या उदय देशपांडे यांनी ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलामुलींना मल्लखांब शिकविला. खांब तोच राहिला, शिकविण्याची रीत बदलली. परंतु पदकांनी आपण दिपून जाऊ नये. प्रत्येक अधू मुलाने पदक आणावे, अशी आपली अपेक्षा नाही. सुदृढ मुलांकडून तरी ती कोठे असते? त्याला शाळेच्या अंगणात इतरांबरोबर घाम यावा, एवढेच मागणे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांस समान संधीचा हक्क दिला आहे. कवायतीचा तास त्या हक्काच्या बाहेर नाही.

आता त्या मुलाकडे येतो. गेल्या वर्षी परळला एका रुग्णालयाच्या दारात एक पन्नाशीचा गृहस्थ माझ्या पाया पडावयास वाकला. डावी बाही कोपराखाली दुमडलेली होती, मी ओळखले. त्याचा उजवा खांदा इतका धरला होता, की सदरा चढविताना पत्नीची मदत लागे. फिजिओथेरपीच्या बाईंनी त्याला सांगितले होते, "तुमचा डावा खांदा इतकी वर्षे बसून राहिला, म्हणून उजवा थकला." हे त्याने हसत सांगितले. त्याच्या मनात काहीच नव्हते. पण त्या खांद्याला प्रथम कोणी बसविले, हे मला ठाऊक होते. मी तसे त्याच्याजवळ बोललो. तो म्हणाला, "गुरुजी, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं." हे त्याचे औदार्य. केईएमची ती शाळा १९५३ पासून आमच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती; मी एकदा जाऊन विचारले असते, तर मला माहीत झाले असते.

पुढच्या रविवारी त्याने मला आग्रहाने घरी नेले. सतरंजी अंथरली, डाव्या कोपराखाली दोन पाट रचले, उजवा तळवा टेकला, गुडघे टेकले, आणि मान वळवून मला म्हणाला, "गुरुजी, मोजता का?"

मी दहापर्यंत मोजले.

श्रोतेहो, आपल्या घरी, आपल्या चाळीत, आपल्या शाळेत असे मूल असेल, तर त्याला मोजावयास उभे करू नका. त्याच्याखाली एक पाट सरकवा आणि आपण मोजा.